पस्तीस किलोंची दया

‘अर्जंट अ‍ॅडॉप्शन अपील. जर्मन शेफर्ड, नर, वय पाच, व्हॅक्सिनेटेड, व्हेरी फ्रेंडली. ओनर शिफ्टिंग. लोकेशन कांदिवली वेस्ट.’ असला मेसेज पश्चिम उपनगरातल्या कुठल्या ना कुठल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज फिरत असतो. जात बदलते. कधी लॅब्रॅडॉर, कधी ग्रेट डेन, कधी मे महिन्यात जीभ बाहेर काढून पडलेला हस्की. कारणं मात्र ठरलेली: बाळ झालं, परदेशी निघालो, घरमालक नाही म्हणतो. कांदिवलीत त्यात आणखी एकाची भर पडली आहे, बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली. बिल्डर भाडं देतो, पण भाड्याच्या घराचा मालक जर्मन शेफर्डला हो म्हणत नाही. आधी ज्याला घरातला मेंबर म्हणायचे, तो सामानाच्या यादीतून शेवटच्या आठवड्यात गळतो.

फोटोतला कुत्रा कॅमेऱ्याकडे न बघता दाराकडे बघत असतो, आणि तो फोटो पाहून काही जणांच्या पोटात कालवतं. घेऊ या का, असा प्रश्न त्या रात्री जेवणाच्या टेबलावर येतो. तो प्रश्न सोडवायचा कसा, याबद्दल मला काही म्हणायचं आहे. पोटात कालवणं हा त्याचा निकष नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. हाच कुत्रा दोन महिन्यांचा असताना कुणीतरी विकत घेतला, तेव्हाही त्या घरात कुणाच्या तरी पोटात असंच काहीतरी हललं होतं. तेव्हा ती हौस होती, आता ती दया आहे. दोन्हींत लक्ष आपल्या भावनेकडे असतं, कुत्र्याकडे नसतं. हौसेने घेतलेला कुत्रा ज्या कारणांनी रस्त्यावर येतो, नेमक्या त्याच कारणांनी दयेने घेतलेलाही येऊ शकतो. आणि दुसऱ्यांदा सुटलेल्या कुत्र्याला तिसरं घर मिळणं फार अवघड.

यावरून मी दत्तक घेण्याच्या विरोधात आहे असं कुणी समजू नये. पिल्लू विकत घेण्यापेक्षा मोठा, सुटलेला कुत्रा घरी आणणं मला अधिक शहाणपणाचं वाटतं, आणि तेही भावनेने नव्हे, व्यवहाराने. पिल्लू म्हणजे न उघडलेलं पाकीट. ते केवढं होईल, मुलांशी कसं वागेल, फटाक्यांना घाबरेल का, एकटं राहील का, यातलं काहीच ठाऊक नसतं. विकणारा तर काहीही सांगतो. केंद्र सरकारने 2017 साली कुत्र्यांच्या पैदाशीचे नियम केले. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, पैदास करणाऱ्याने नोंदणी करायची, असं त्यात स्पष्ट आहे. प्रत्यक्षात आईच्या दुधावरून ओढलेली पिल्लं गाडीच्या डिकीतून घरपोच येतात. याउलट पाच वर्षांच्या कुत्र्याचं सगळं समोर असतं. त्याची उंची झालेली आहे, स्वभाव बनलेला आहे, खोडी असली तर ती आठवड्याभरात दिसते. बुटांचं चर्वण आणि गाद्यांवरचे डाग आधीच्या घरात होऊन गेलेले असतात.

‘मोठा झालेला कुत्रा नव्या माणसांना लागत नाही’ हा समज आपल्याकडे घट्ट बसलाय. तो खोटा आहे, आणि त्याचा पुरावा विरार लोकलच्या शेवटच्या स्टेशनाजवळच आहे. 26/11 च्या हल्ल्यात मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातले मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर हे लॅब्रॅडॉर कामावर होते. सीझरने सीएसएमटीवर हातबॉम्ब हुडकले. निवृत्त झाल्यावर या चौघांना विरारच्या एका फार्मवर प्राणिप्रेमींनी सांभाळलं. म्हणजे उमेदीची वर्षं एका हॅंडलरच्या हुकमात, पोलिसी शिस्तीत घालवलेले, उतारवयातले जड कुत्रे नव्या माणसांच्या घरी रुळले. नुसते रुळले नाहीत. 2016 या एकाच वर्षात एकेक करून चौघेही गेले, आणि सोबती जात राहिले तसा सीझर खाण्यापिण्यातून मन काढत गेला, अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या. तोही ऑक्टोबरात गेला. उतारवयातही कुत्रा नव्याने जीव लावतो, याला यापेक्षा मोठा दाखला कशाला हवा?

पण त्याच गोष्टीतली दुसरी बाजू लोक विसरतात. त्यांना फार्म मिळाला होता. कांदिवलीत आपल्याकडे आहे तो दीड-दोन खोल्यांचा फ्लॅट आणि एक लिफ्ट.

फ्लॅट लहान आहे म्हणून मोठा कुत्रा ठेवणं क्रूरपणा, हे वाक्य प्रत्येक सोसायटीत कुणीतरी काका ऐकवतातच. यात अर्धंच तथ्य आहे. ग्रेट डेनसारखा अवाढव्य कुत्रा दिवसाचा बहुतेक वेळ पडून काढतो. सोफ्याएवढी जागा आणि सोफा मिळाला की त्याचं भागतं. त्याच घरात बीगल आणून पाहा, शेजारच्या विंगेतूनही तक्रार येईल. खोलीचं क्षेत्रफळ हा प्रश्नच नाही. पायाखालची फरशी हा प्रश्न आहे. नव्या टॉवरमधल्या गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्सवर पस्तीस किलोंचं धूड रोज घसरतं, आणि जर्मन शेफर्ड, लॅब्रॅडॉर, रॉटवायलर या जातींत खुब्याचा सांधा मुळातच कच्चा असण्याचं प्रमाण मोठं आहे. हवा हा दुसरा प्रश्न. सेंट बर्नार्ड ही जात आल्प्समधल्या सुमारे 2,470 मीटर उंचीच्या खिंडीतल्या मठात घडली, बर्फात हरवलेल्या वाटसरूंसाठी. तिला महावीरनगरच्या ऑक्टोबर हीटमध्ये आणणाऱ्याने एसीच्या बिलाचा विचार आधी करावा. आणि तो परवडत असेल तरी लाइट गेल्यावर काय, याचाही. असे कुत्रे इथे जन्माला घालणाऱ्यांचं पाप मोठं आहे. पण ते निस्तरायला घेणाऱ्याला त्या पापाची किंमत दर महिन्याला भरावी लागते, हे खरंच आहे.

आणि मग लिफ्ट. मी तर म्हणेन, निर्णय घरात बसून करूच नये, लिफ्टमध्ये उभं राहून करावा. आत पाटी असते: सहा व्यक्ती, 408 किलो. सकाळी सात ते साडेआठ त्या खोक्यात शाळेच्या दप्तरांसकट मुलं, कामाच्या बायका, दुधाच्या पिशव्या, कचऱ्याचा डबा, योगाला निघालेल्या आजी, सगळ्यांना उतरायचं असतं. कुत्र्यालाही नेमकं तेव्हाच उतरायचं असतं. दार उघडतं, आत तुमचा जर्मन शेफर्ड बसलेला, बाहेर पाच वर्षांचा मुलगा आईच्या ओढणीमागे जातो आणि विचारतो, “काका, चावतो का हो?” तुम्ही हसून “नाही रे बाळा, काही करत नाही” म्हणता. हे उत्तर चुकीचं आहे. बरोबर उत्तर एकच: “तुम्ही जा आधी, आम्ही पुढच्या फेरीने येतो.” हे वाक्य दिवसातून चार वेळा, कुत्र्याच्या उरलेल्या सगळ्या आयुष्यभर, न चिडता म्हणता येईल का? येत नसेल तर बाकीचा विचार करण्यात अर्थ नाही.

यात अतिशयोक्ती वाटत असेल तर वरळीचा खटला आठवा. 2018 साली तिथल्या एका इमारतीत एक गृहस्थ लहान मुलासह लिफ्टमध्ये होते. मुलगा कुत्र्यांना घाबरतो, थांबा, असं सांगूनही शेजाऱ्याने आपला हस्की आत ओढला. तो चावला. 2025 साली न्यायालयाने मालकाला चार महिन्यांची कैद सुनावली. त्याआधी 2023 साली गिरगावच्या न्यायालयाने रॉटवायलरच्या मालकाला तीन महिने दिले होते. तो चावा 2010 मधला, नेपियन सी रोडवरचा. जुन्या दंडसंहितेतलं कलम 289 आता भारतीय न्याय संहितेत कलम 291 झालंय, मुद्दा तोच: जनावर सांभाळताना हयगय केली तर गुन्हा जनावराचा नाही, माणसाचा. वरळीच्या गोष्टीत मला चाव्यापेक्षा ओढण्याचं जास्त वाटतं. त्या कुत्र्यालाही आत जायचं नव्हतं.

सोसायटीशी कायद्याने भांडायचं तर कुत्रावाल्यांची बाजू भक्कम आहे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची 2015 सालची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की सर्वसाधारण सभेने बहुमताने ठराव केला तरी पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. आमच्या भागातल्या एका सोसायटीच्या ऑफिसात दत्तगुरूंची मोठी तसबीर आहे, पायाशी चार कुत्री. तिच्याखालीच बसून कमिटीने ‘नो पेट्स’चा ठराव लिहिला होता. तो टिकला नाही. केंद्राने 12 मार्च 2024 रोजी पिटबुल, रॉटवायलर धरून 23 जातींवर बंदी घालायचं परिपत्रक राज्यांना पाठवलं, तेही कर्नाटक उच्च न्यायालयाने महिन्याभरात रद्द केलं. पण कायदा तुम्हाला लिफ्टमध्ये उभं राहायची परवानगी देतो, शेजाऱ्याच्या पोरीची भीती घालवत नाही. कांदिवलीच्याच आरएनए रॉयल पार्क सोसायटीत भटक्या कुत्र्यांना खायला घालण्यावरून वाद पेटला आणि 2023 मध्ये उच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने कुत्र्यांचा द्वेष सुसंस्कृत समाजाला शोभत नाही असं सुनावलं खरं, पण पुढे काय केलं? दोन्ही बाजूंना एकत्र बसून तोडगा काढायला सांगितलं. शेवटी बसावं लागतं ते शेजाऱ्यांबरोबरच. म्हणून कुत्रा आणण्याआधी मजल्यावरच्या प्रत्येक दाराची बेल वाजवून “असा असा मोठा कुत्रा आणायचं चाललंय, तुमच्याकडे कुणाला भीती आहे का?” हे विचारणं मी कायद्याच्या वरचं मानतो. मंडळाची तत्त्वं हे विचारायला सांगत नाहीत. तरी विचारावं.

आता त्या मुद्द्याकडे येतो, ज्यावर कुत्रावाल्यांमध्येच फूट आहे. खाली गेटपाशी चार इंडी, म्हणजे गावठी कुत्रे, झोपलेले असतात. 2014 च्या गणनेत मुंबईत सुमारे 95 हजार भटकी कुत्री मोजली गेली. मग वर परदेशी जातीचा कुत्रा आणून दया कसली करता, दयाच करायची तर गेटवरचा काळू उचला! ऐकायला बिनतोड. घेणाऱ्यांच्या मनात जातीचा रुबाब असतोच, तो नाकारण्यात अर्थ नाही. ‘रेस्क्यू केलाय’ हे सांगताना ‘जर्मन शेफर्ड आहे’ हेही आवर्जून सांगितलं जातं. पण कुत्र्याच्या बाजूने पाहिलं तर हिशेब उलटा होतो. काळूला गल्ली आहे, टोळी आहे, रात्री नऊला बिस्किटं आणणाऱ्या मावशी आहेत. नियमही त्याच्या बाजूने आहेत: 2023 च्या पशु जन्मनियंत्रण नियमांनुसार नसबंदी आणि लसीकरण करून त्याला उचललं त्याच जागी सोडायचं असतं, कारण ती त्याची जागा आहे. आकुर्ली रोडवर गाडीतून उतरवून सोडलेल्या लॅब्रॅडॉरला यातलं काही नाही. त्याला रस्ता ओलांडता येत नाही, कचऱ्यातलं खाता येत नाही, आणि प्रत्येक गल्लीची टोळी त्याला फाडायला धावते. काळू रस्त्यावर जगतो, हा जगत नाही. ज्याला घराशिवाय गत नाही त्याला घर देणं यात मला ढोंग दिसत नाही.

टोळीचा विषय निघालाच आहे तर एक सांगून टाकतो. मोठा कुत्रा फिरवायला नेणाऱ्याचं स्वतःचं वजन किती, हे कुणी विचारत नाही. बारा वर्षांच्या मुलीने हट्ट केला म्हणून कुत्रा येतो, आणि महिन्याभरात पट्टा आजोबांच्या हातात जातो. ठाकूर व्हिलेजमध्ये संध्याकाळी चार भटकी कुत्री अंगावर आली आणि पस्तीस किलोंच्या जनावराने हिसका दिला तर आजोबा रस्त्यावर. लोखंडवाला टाउनशिपच्या मागे, दामूनगरच्या अंगाला राहणाऱ्यांना तर राष्ट्रीय उद्यानाचाही शेजार आहे; तिथल्या बिबट्यांच्या खाण्यात कुत्र्यांचा वाटा मोठा असतो हे अभ्यासकांनी दाखवलेलं आहे. तिकडे रात्री उशिराची फेरी नकोच. पट्टा रोज, दोन्ही वेळा, पावसातसुद्धा ज्याच्या हातात असणार आहे त्यानेच हो म्हणायला हवं. घरातल्या बाकीच्यांचं मत ऐकून घ्यावं आणि बाजूला ठेवावं.

रेस्क्यूवाल्यांबद्दलही एक तक्रार आहे, आणि ती आपल्यातली म्हणून करतो. ही मंडळी स्वतःच्या पगारातून औषधं आणतात, रात्री दोन वाजता ड्रेनेजमधून पिल्लं काढतात. त्यांच्या कामापुढे हात जोडावेत. पण घर मिळावं म्हणून अपीलमध्ये खोटं लिहायची सवय वाढली आहे. चावलेला असतो, तरी ‘गुड विथ किड्स’. ताटलीजवळ हात नेला की गुरगुरतो, तरी ‘व्हेरी लव्हिंग’. वय आठ असतं, लिहितात पाच. हेतू चांगला असेल, पण परिणाम काय होतो? ज्या घरात तान्हं मूल आहे तिथे तो जातो, एक दिवस दात लागतात, आणि पंधरा दिवसांत तेच अपील पुन्हा फिरतं, या वेळी आणखी गोड शब्दांत. मोठ्या जातीत हे खोटं महाग पडतं. पॉमेरेनियन चावला तर बँडएड, रॉटवायलर चावला तर टाके. काही कुत्रे मुलांच्या घरी देण्यासारखे नसतात आणि काही कुणाच्याच घरी देण्यासारखे नसतात. हे कबूल करणारी संस्था मला जास्त विश्वासाची वाटते. घेणाऱ्यानेही संकोच सोडून विचारावं: का सोडला, कुणाला कधी चावला का, जेवताना हात लावू देतो का, आधीचा व्हेट कोण, त्याची फाइल कुठे आहे. आधीच्या मालकाला भेटता येत असेल तर भेटावंच. कुत्र्याला निरोप देताना तो माणूस कसा वागतो, यावरूनही बरंच कळतं.

खर्चावर फार लिहीत नाही, हिशेब कुणालाही करता येतो. एवढ्या कुत्र्याला दिवसाला साधारण चारशे ग्रॅम कोरडं खाणं, म्हणजे महिन्याला बारा किलो. घरचं घालायचं तर चिकन-भात. कांदिवली पश्चिमेच्या काही सोसायट्यांत कुत्र्यापेक्षा त्या कुकरच्या वासावरूनच जास्त भांडणं होतात. पावसाळ्यात गोचिडांचा ताप, साचलेल्या पाण्यातून लेप्टो. हे सगळं महिन्याच्या बजेटात बसतं. बसत नाही ते म्हातारपण.

मोठे कुत्रे लवकर म्हातारे होतात. ग्रेट डेनचं आयुष्य सात ते दहा वर्षं, रॉटवायलरचं नऊ-दहा, लॅब्रॅडॉरचं दहा-बारा. म्हणजे पाच-सहा वर्षांचा ग्रेट डेन दत्तक घेणारा माणूस जवळजवळ थेट म्हातारपणच दत्तक घेत असतो. 1993 च्या बॉम्बस्फोटांनंतर टनावारी स्फोटकं हुडकणारा पोलिसांचा झंजीर 2000 साली हाडांच्या कॅन्सरने परळच्या प्राण्यांच्या रुग्णालयात गेला, जेमतेम आठ वर्षांचा होता. हा रोग मोठ्या जातींनाच जास्त गाठतो. खोल छातीच्या कुत्र्यांच्या पोटात वायू भरून पीळ पडतो, तेव्हा हातात काही तासच असतात. रात्री दीड वाजता चाळीस किलोंचा विव्हळणारा कुत्रा कुठला रिक्षावाला घेतो? परळचं बाई साकरबाई रुग्णालय आहे, 2024 मध्ये महालक्ष्मीला टाटांचं मोठं इस्पितळ सुरू झालं आहे. कांदिवलीहून दोन्हीकडे पोचायला आधी गाडी लागते, आणि गाडीपर्यंत पोचायला माणसं. आमच्या जुन्या इमारतीत लिफ्ट बंद असताना एका लॅब्रॅडॉरचे मागचे पाय गेले होते. त्याला चादरीच्या झोळीत घालून तिघांनी खाली आणलं, सकाळी आणि रात्री, लिफ्टवाल्याचा पार्ट येईपर्यंत. त्यातला एक जण तोच होता, ज्याने कुत्र्याविरुद्ध कमिटीला पत्र लिहिलं होतं. असा शेजारी प्रत्येकाला मिळेलच, असं धरून चालू नये.

मग घ्यावा की नाही? दिवसभर घर बंद राहत असेल, मुलाच्या वाढदिवसाची भेट म्हणून घ्यायचा असेल, दोन वर्षांत इमारत पाडली जाणार असेल आणि पुढच्या भाड्याच्या घरमालकाशी बोलणं झालं नसेल, तर नाही म्हणावं, आणि त्याची लाज वाटून घेऊ नये. स्पष्ट नकाराने कुत्र्याचा एक आठवडा जातो, अर्धवट होकाराने एक वर्ष. घरात दुपारी माणूस आहे, त्या माणसाच्या मनगटात जोर आहे, त्याला पुढच्या फेरीची वाट बघता येते आणि कुत्र्याचं म्हातारपण त्याने हिशेबात धरलं आहे, अशा घराने मात्र पिल्लाच्या मागे न लागता मोठाच आणावा.

त्यातही एकदम दत्तक घेऊ नका, आधी फॉस्टर करा. रेस्क्यूवाले म्हणतात, पहिले तीन दिवस कुत्रा बावरलेला असतो, तीन आठवड्यांत घराची वेळ शिकतो, खरा स्वभाव तीन महिन्यांत कळतो. तेवढा काळ लेखी ठरवून मागा. कुठलीही धड संस्था तो देते, आणि जी देत नाही, आजच घेऊन जा म्हणते, तिच्याकडून घेऊ नका. घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात पालिकेचा परवाना काढा, रेबीजची लस पुन्हा टोचून घ्या, टाइल्सवर रबरी मॅट अंथरा. आणि त्याच्या गळ्यात तुमचा मोबाइल नंबर लिहिलेला बिल्ला अडकवा, कारण पहिल्या महिन्यात दार उघडं दिसलं की हे कुत्रे आपलं जुनं घर शोधायला निघतात.